दात नाहीत तेव्हापासून: डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाचं तोंड कसं जपायचं, कुठली साधनं घ्यायची

"दातच नाय, मगे घासतंस काय गो?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा आमची बाय तीन महिन्यांची होती. तिला डाऊन सिंड्रोम आहे. मी ओल्या फडक्याने तिच्या हिरड्या पुसत होते. प्रश्न रास्तच होता. आमच्या कुडाळकडच्या घरात चार पोरं वाढली, पण दात येण्याआधी कुणाच्या तोंडात फडकं गेलं नव्हतं. मलाही उत्तर पटकन देता आलं नाही, कारण मी स्वतःच तेव्हा चाचपडत होते. एका दवाखान्यात आम्हाला "दात आले की या" म्हणून परत पाठवलं होतं. दुसरीकडे कुणी टाळूच्या प्लेटचं नाव घेतलं, पण ती कशी असते आणि कोण बनवतं हे सांगितलं नाही. ऑनलाइन दुकानात तर पंधरा वस्तूंचा संच 'खास बाळांसाठी' म्हणून विकायला होता. त्यातल्या दोन वस्तू आम्ही वापरल्या.

मी डॉक्टर नाही. दीड वर्ष ह्या वाटेवर चालून जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. तुमचं बाळ आज पंधरा दिवसांचं असेल तर उत्तमच, आठ महिन्यांचं असेल तरी उशीर झालेला नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तोंडाला स्पर्शाची सवय झाली असेल तरच साधनं कामाला येतात. ती सवय दात यायच्या आधी लावायची असते.

१. आधी हृदय, थायरॉईड आणि नाक

दंतवैद्याकडे जायची घाई झाली असेल तरी थोडं थांबा आणि ही तीन कामं झाली आहेत का बघा.

डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. छातीला स्टेथोस्कोप लावून "ठीक वाटतंय" असं सांगितलं असेल तर तेवढ्यावर राहू नका, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. दातांशी ह्याचा संबंध असा की हिरडीतून रक्त येईल असं काही दंतवैद्याला करायचं असेल, तर तोंडातले जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत जाऊ शकतात. काही विशिष्ट दोषांत आणि काही शस्त्रक्रियांनंतर त्याआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. तुमच्या बाळाला ते लागेल की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. घरी फडक्याने हिरड्या पुसायला असं काही लागत नाही.

थायरॉईड कमी असेल तर दात आणखी उशिरा येतात. जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासायला सांगतात. आमचा सहा महिन्यांचा रिपोर्ट गणपतीच्या गडबडीत राहून गेला होता. तुमचा राहू देऊ नका.

तिसरं नाक. ह्या बाळांच्या नाकाच्या वाटा अरुंद असतात. नाक चोंदलं की तोंड उघडं राहतं, जीभ बाहेर येते आणि हिरड्या कोरड्या पडतात. जीभ आत राहावी म्हणून काही करायचं तर आधी नाक मोकळं हवं. सलाईनचे थेंब कसे आणि कधी घालायचे ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि न्हाणं झाल्यावर ओव्याची किंवा उदाची धुरी देण्याची आपल्याकडची रीत ह्या बाळांसाठी बंद करा. मी ती बंद केली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता, पण बायची रात्रीची घरघर कमी झाली.

२. तोंड उजेडात एकदा नीट बघा

खिडकीपाशी बसून, बाळ जांभई देतं तेव्हा आत बघा. वरचा जबडा लहान असतो, तोंडातली टाळू अरुंद आणि उंच, कौलारू छपरासारखी. स्नायू सैल असल्याने जीभ पुढे येते. जीभ फार मोठी आहे असं वाटतं, पण बहुतेक वेळा तिला आत जागा कमी पडत असते.

इथे एक भाषेचा घोळ सांगते, कारण आमच्या घरी तो खरोखर झाला. आपण टाळू म्हटलं की आजीला डोक्यावरची टाळू वाटते, तिथे ती तेल भरते. "डॉक्टरांनी टाळूची प्लेट सांगितली आहे" हे ऐकून सासूबाई हादरल्या. त्यांना वाटलं डोक्याला काही बसवणार. घरात सांगताना 'तोंडातली टाळू' असंच म्हणा.

पुढे काय दिसणार आहे तेही माहीत असू द्या. पहिला दात सहाव्या-सातव्या महिन्यात येईल अशी वाट पाहू नका. तो वर्षाने येतो, चौदा महिन्यांनी येतो, कधी दोन वर्षांनीही येतो. क्रमही वेगळा असू शकतो, पुढच्या दातांआधी दाढ दिसते. काही दात लहान किंवा टोकदार असतात, काही येतच नाहीत. वीस दुधाचे दात पूर्ण व्हायला चार-पाच वर्षं लागू शकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ह्या मुलांना दात किडण्यापेक्षा हिरड्यांचा आजार जास्त छळतो, आणि तो लहान वयात सुरू होतो. प्रतिकारशक्ती वेगळी असते, तोंड कोरडं असतं, चघळणं कमी असतं. कीड नसलेले पांढरेशुभ्र दात पुढे हिरडी सैल झाल्याने हलतात. म्हणून आपलं लक्ष आजपासून हिरडीवर.

३. पहिलं साधन म्हणजे तुमचं बोट

विकत काही आणण्याआधी हे तीन आठवडे करा.

लागणाऱ्या गोष्टी: जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे चार-सहा मऊ तुकडे, उकळून वाळवलेले. उकळून गार केलेलं पाणी. साबणाने धुतलेले हात, कापलेली नखं, बोटात अंगठी नको.

न्हाणं झालं की बाळ सैलावलेलं असतं, ती वेळ चांगली. दूध पाजल्यावर लगेच करू नका, उलटी होईल. बाळाचं डोकं कोपराच्या खोबणीत घ्या, अंग थोडं उभं धरा. अगदी उताणं असलं तर लाळ घशात जाते. सुरुवात तोंडात करू नका. आधी गालावरून कानाकडून ओठाकडे बोट फिरवा, मग नाकाखालून वरच्या ओठावर, मग हनुवटीवरून खालच्या ओठावर. बाळाने ओठ हलवले की ओलं, घट्ट पिळलेलं फडकं बोटाला गुंडाळून वरच्या हिरडीच्या मधोमध टेकवा आणि हळूच एका बाजूला मागे न्या. परत मधे या. दुसरी बाजू. तसंच खाली. फार मागे गेलात तर उबळ येते. दिवसातून दोनदा, एकेक मिनिट पुरे.

काही बाळं ह्या स्पर्शाने दचकतात, काहींना तो जाणवतच नाही असं वाटतं. बायने पहिले बारा दिवस तोंड गच्च मिटून घेतलं. मी जबरदस्ती केली नाही, गालांपर्यंतच थांबत राहिले. तिसऱ्या आठवड्यात ओठाला बोट लागताच तिने आपण होऊन तोंड उघडलं. पुढे दंतवैद्याकडे पहिल्या तपासणीत ती रडली नाही, ते ह्या तीन आठवड्यांमुळे.

ह्या टप्प्यावर आपल्या भागातल्या काही सवयी आड येतात. ह्या चारांबद्दल घरात स्पष्ट बोला.

मशेरी. घरातल्या कुणी मशेरी लावली असेल तर ते बोट बाळाच्या तोंडात जाता कामा नये. ती तंबाखूच आहे. आमच्या आजेसासू प्रेमाने हिरडी चोळायला यायच्या. मी त्यांना "आजी, आधी साबणाने हात" म्हटलं की त्या रुसायच्या, मग स्वतःच हात धुऊन येऊ लागल्या.

टाकणखार आणि मध. तोंड आलं की टाकणखार मधात कालवून लावतात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, पोटात गेला तर बाळाला विषारी ठरतो. मध वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नाही. जिभेवर पुसूनही न निघणारा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

न्हाऊ घालणाऱ्या बाईचे हात. पायांवर घेऊन न्हाऊ घालणं छान, पण बाळाला उलटं धरून झुलवणं, मान मागे ताणणं, तोंडातली टाळू बोटाने वर दाबणं हे ह्या बाळांना नको. स्नायू सैल असतात आणि मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा ढिला असू शकतो. पुढे दंतवैद्याच्या खुर्चीतही मान फार मागे टाकू नका, असं आवर्जून सांगायचं असतं.

हिरड्या बधिर करणारी मलमं आणि गळ्यातल्या माळा. दात येताना लावायच्या काही जेलमध्ये बेन्झोकेन असतं, ते दोन वर्षांखालच्या बाळाला धोक्याचं आहे. मण्यांच्या माळेने गळा आवळण्याची आणि मणी घशात अडकण्याची भीती असते.

४. दुकानातून काय आणायचं

थोडंच.

बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश: फडक्याची सवय झाल्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून. बोटावर घट्ट बसायला हवा. सैल असला तर घशात जाऊ शकतो. दाढ आली की बोट चावलं जातं, तेव्हा हा बाजूला ठेवा.

बाळाचा मऊ ब्रश: डोकं लहान, दांडा जाड. एक तुमच्यासाठी, एक बाळाला हातात धरून चघळायला. दात नसला तरी आणा. केस वाकले की बदला. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात ब्रश वाळतच नाही. टोपण घालून ठेवलात तर आत वास येतो. उघडा, उभा, खिडकीजवळ ठेवा आणि जून ते सप्टेंबर जरा लवकर बदला.

चघळायचं खेळणं: एकसंध सिलिकॉनचं, लांबट, जबड्याच्या बाजूला मागेपर्यंत पोहोचेल असं. गोल रिंग फक्त पुढच्या हिरडीला लागते, आणि आपल्याला तर बाजूने चावायची सवय लावायची असते. पाणी भरलेली खेळणी फुटतात, ती नको. गार करायचं तर फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नको. सावंतवाडीची लाकडी खेळणी बघायला लोभस, आमच्या घरीही आहेत, पण रंगीत लाकूड चघळायला देऊ नका.

तीन बाजूंनी घासणारे ब्रश, विजेवर चालणारे ब्रश, तोंड उघडं ठेवायचे ठोकळे हे सगळं बऱ्याच पुढचं आहे. आत्ता पैसे घालू नका.

५. भरवायची भांडीही दातांचीच साधनं

बाटली जितकी कमी तितकी चांगली. बाटली तोंडात ठेवून झोपवलं तर जीभ पुढे ढकलायची सवय पक्की होते आणि दात आल्यावर दूध त्यांच्यावर रात्रभर राहतं. आपल्याकडे बोंडलं असतं, दूध पाजायची चोचीची वाटी. ते स्वच्छ ठेवायला सोपं, पण त्यातून दूध घशात ओतलं जातं, आणि सैल स्नायूंच्या बाळाचं दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. ठसका न येताही जातं, हे आम्हाला उशिरा कळलं. पिताना आवाज ओला येत असेल, डोळ्यांत पाणी येत असेल, छाती वारंवार भरत असेल तर बोंडलं वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वरचं अन्न सुरू झालं की सपाट, उथळ चमचा घ्या. चमचा जिभेवर टेकवून हलका दाब द्या आणि वरच्या ओठाने अन्न ओढून घेईपर्यंत थांबा. आपण घाईने चमचा वरच्या हिरडीवर पुसतो, मग त्या ओठाला काम उरत नाही. ही एकच सवय सोडायला मला महिना लागला. पेज आणि मऊ भात ठीक. नाचणीचं सत्त्व घट्ट झालं की उंच टाळूत चिकटून बसतं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहतं. केळ्याचंही तेच. खाऊन झाल्यावर दोन चमचे पाणी, मग बोटाने टाळूवरून एक हात. गूळ, साखर वर्षभर टाळलीत तर उत्तम. आंब्याच्या दिवसांत घरात कुणी ना कुणी रस चाटवणारच. चाटवू दे, पण नंतर पाणी. गोड औषधांच्या बाबतीतही तेच करा, ह्या बाळांना ती वारंवार लागतात. लोहाच्या थेंबांनी दात काळे दिसले तर घाबरू नका, तो वरवरचा डाग असतो.

सात-आठ महिन्यांनंतर छोट्या उघड्या पेल्याने पाणी पाजायला लागा. सांडेल, सांडू दे.

६. तोंडातल्या टाळूची प्लेट: कुणाला, कशी, किती

हा भाग सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच असतो.

अर्जेंटिनातले पुनर्वसनतज्ज्ञ डॉ. रोडोल्फो कास्तिल्लो मोरालेस यांनी ही पद्धत रुजवली. नंतर ती जर्मनी, स्वीडन अशा देशांत वापरली गेली. बाळाच्या टाळूचं माप घेऊन ॲक्रिलिकची पातळ प्लेट बनवतात. तिच्या मागच्या भागात एक छोटी खळगी किंवा उंचवटा असतो. जिभेला तिथे काहीतरी लागतं, ती शोधायला वर आणि मागे जाते. पुढच्या बाजूला, वरच्या ओठाच्या आत, बारीक खाचा किंवा मणी असतात, त्यांनी ओठ खाली येऊन मिटायला बघतो. प्लेट हाड ढकलत नाही, जिभेला आणि ओठाला काम देते. म्हणूनच ती दिवसभर घालत नाहीत. सारखी तोंडात असली तर जिभेला तिची सवय होते आणि ती शोधणं थांबवते. साधारणपणे दिवसातून दोन-तीन वेळा, थोडा थोडा वेळ. नेमकं किती ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

ती पहिल्या वर्षात, हिरड्या मोकळ्या असतानाच घालतात. दात यायला लागले की बसत नाही, बदलावी किंवा थांबवावी लागते. ह्या बाळांचे दात उशिरा येतात, त्यामुळे आपल्याला वेळ थोडा जास्त मिळतो.

प्रत्येक बाळाला ती लागत नाही. जीभ बहुतेक वेळ आतच राहते, ओठ मिटतात, दूध नीट ओढतं, अशा बाळाला बोटाचे आणि चमच्याचे व्यायाम पुरतात. नाक चोंदलेलं असेल, हृदयामुळे धाप लागत असेल, झटके येत असतील, सारखी उलटी होत असेल तर आधी ते सावरायचं. आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा: ओठ मिटणं आणि जीभ आत राहणं ह्यात फरक पडतो असं दाखवणारे अभ्यास आहेत. "प्लेट घातली की मूल स्पष्ट बोलेल" असं वचन कुणी देत असेल तर तिथून उठा.

मूळ पद्धतीत प्लेट हा एक भाग आहे. अंगाची बैठक, मानेचा आधार, चेहऱ्याचा मसाज हे तिच्यासोबत चालतं. नुसती प्लेट हातात देऊन पाठवलं तर अर्धंच औषध मिळालं असं समजा आणि फिजिओथेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या.

माप घेताना जपा. पहिल्या ठिकाणी बायला दूध पाजून अर्धा तासही झाला नव्हता. तिला सपाट झोपवून तोंडात मापाचं मिश्रण घातलं. दूध वर आलं, ती निळसर पडली. मी तिला उचलून बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून रडले. दुसऱ्या ठिकाणी, मोठ्या रुग्णालयात, पोट रिकामं ठेवून यायला सांगितलं. मला खुर्चीत बसवून बायला माझ्या मांडीवर उभ्या अंगाने धरलं. लाळ ओढून घेणारं यंत्र आणि ऑक्सिजन बाजूला तयार होता. एक मिनिटही लागलं नाही. फोन करताना हे विचारा:

- इतक्या लहान बाळाचं माप तुम्ही याआधी घेतलं आहे का?
- बाळाला कसं धरता? यंत्र आणि ऑक्सिजन जवळ असतो का?
- बाळाला किती तास आधी पाजायचं नाही?
- प्लेट सैल झाली की किती दिवसांत बघाल?

कोण बनवतं हे शोधायची एक युक्ती सांगते, ती मला एका परिचारिकेने दिली. दुभंगलेला ओठ आणि टाळू असलेल्या बाळांसाठी दूध पाजायची प्लेट बनवतात. ती बनवणाऱ्या दंतवैद्याला तान्ह्या बाळाचं माप घ्यायची सवय असते. "डाऊन सिंड्रोमची प्लेट बनवता का?" असं विचारलं की नाही म्हणतात. "दुभंगलेल्या टाळूच्या बाळांची प्लेट कोण बनवतं?" असं विचारलं की नाव मिळतं.

घरी आल्यावर:

- प्लेट तोंडात असेपर्यंत कुणीतरी जागं माणूस समोर हवं. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय झोपेत नाही, दूध पिताना नाही, गाडीत नाही.
- काढल्यावर टाळू बघा. लाल ठिपका किंवा फोड दिसला तर प्लेट थांबवून फोन करा.
- गार पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. उकळतं पाणी घातलं की ॲक्रिलिक वाकतं. पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा उकळून गार केलेलं पाणी वापरा.
- भोकं असलेल्या डबीत, मुंग्यांपासून दूर. दुधाचा वास राहिला तर त्या रात्रीत डबी भरतात.
- बाळ वाढतं तशी प्लेट सैल होते. काल घट्ट बसत होती आणि आज बोटाने सहज हलते, तर ती घालू नका. सैल प्लेट घशात जाण्याचा धोका असतो.
- तडा गेला तर घरच्या गोंदाने चिकटवू नका.

बायने ती साधारण चार महिने घातली, मधे एकदा नवी करावी लागली. आता जागी असताना तिचे ओठ बहुतेक वेळ मिटलेले असतात, लाळेरं दिवसाला सहाऐवजी दोन लागतात. सर्दी झाली की जीभ पुन्हा बाहेर येते. ह्यात प्लेटचं किती, व्यायामांचं किती आणि नुसतं वाढण्याचं किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

७. जायचं कुठे, आणि पिशवीत काय

पहिली पायरी घराजवळची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि डाऊन सिंड्रोम त्याच्या यादीत आहे. त्याची पथकं अंगणवाडीत तपासणीला येतात. आशाताईंना किंवा अंगणवाडीसेविकेला सांगून नाव नोंदवा आणि जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र) कुठे आहे ते विचारा. सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रायगडवाल्यांना अलिबाग. चिठ्ठी तिथून घेतलीत तर पुढच्या रुग्णालयात दार लवकर उघडतं.

प्लेटसाठी बहुधा दंत महाविद्यालय गाठावं लागतं, कारण तिथे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग असतो. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय. कुडाळ-सावंतवाडीकडून बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय सगळ्यात जवळ पडतं, बांदा-पत्रादेवी ओलांडून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. मात्र महाराष्ट्रातल्या योजनांची कार्डं तिथे चालतील असं धरून जाऊ नका, आधी फोन करा. मुंबईला जायचं तर पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि गणपतीच्या आगेमागे तिकीट मिळत नाही. पुन्हा पुन्हा जावं लागतं, म्हणून पहिल्याच भेटीत पुढच्या तिन्ही तारखा मागून घ्या.

कागद, प्रत्येकी दोन झेरॉक्स, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत:

- जन्मदाखला आणि रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड
- गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट
- इको रिपोर्ट आणि हृदयाच्या डॉक्टरांची अँटिबायोटिकबद्दलची चिठ्ठी
- शेवटचा टीएसएच
- लसीकरणाचं कार्ड
- रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार, बाळाचं असेल तर तेही
- चालू औषधांची नावं आणि मात्रा, एका कागदावर मोठ्या अक्षरात

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) बाळ वर्षाचं झालं की मागे लागून काढून घ्या. ते हाती आलं की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अर्ज करता येतो, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. पण कार्ड नाही म्हणून तपासणी लांबवू नका.

प्रवासात बाळाचं दोन वेळचं जास्तीचं दूध, सुकं फडकं, आणि ओळखीचं चघळायचं खेळणं. तपासताना डॉक्टर आणि तुम्ही समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसता, बाळाचे पाय तुमच्या कमरेला आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. घरी दोनदा नवऱ्यासोबत हा सराव करून जा. बाळाला तुमचा चेहरा दिसत राहतो, त्याने फार फरक पडतो.

८. पहिला दात दिसला की

दात आला नसला तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याची एक भेट झालेली असू दे. दात दिसला त्या दिवसापासून फडक्याऐवजी ब्रश, सकाळ-संध्याकाळ. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या बारीक दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही. मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, नळीवर वाचून घ्या आणि १००० पीपीएम (फ्लोराइडचं प्रमाण) असलेली चालेल का ते डॉक्टरांना विचारा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे टेकवा, अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर. हिरडीतून थोडं रक्त आलं तर घासणं थांबवायचं नसतं, उलट तिथे साफ झालेलं नाही असा त्याचा अर्थ असतो. आठवडाभर नीट घासूनही रक्त येत राहिलं, किंवा अंगावर कुठेही विनाकारण काळेनिळे डाग दिसले, तर लगेच डॉक्टरांकडे.

बाळ दात करकरा खातं, तेही ह्या मुलांत बरंच दिसतं. दंतवैद्याच्या पुढच्या भेटीत सांगा, तोवर रात्रीची झोप उडवून घेऊ नका.

बायचा पहिला दात सतराव्या महिन्यात आला, आणि तो पुढे नव्हता, वरच्या बाजूची दाढ होती. मला तो दिसला नाही, बोटाला लागला. सासूबाईंना हाक मारली. त्या चुलीपुढून उठल्या, परसात जाऊन साबणाने हात धुतले आणि मग बायच्या तोंडात बोट घालून चाचपून बघितलं.